आबांचा चिनी

शहागंजातल्या घड्याळाच्या मनोऱ्यापासून मीनाक्षीताईंचं दुकान चालत तीन मिनिटांवर. 'मनस्विनी ग्राफिक्स' ही पाटी त्यांनी मुलीच्या बारशाला लावली, ती मुलगी आता पुण्यात नोकरीला आहे. अठ्ठावीस वर्षं ताई तिथं लग्नपत्रिका, वास्तुशांतीची निमंत्रणं आणि दशक्रियेचे कागद जुळवत बसल्या आहेत. शहरातली बरीच मंडळी आता फोनवरच पत्रिका पाठवतात. पण गावाकडं छापील पत्रिका हातात पडल्याशिवाय आमंत्रण आलं असं कुणी धरत नाही. त्यामुळे लग्नसराईत ताईंना मान वर करायला फुरसत नसते.

मार्चमधल्या एका दुपारी कारभारी नरवडे आपल्या नातीला घेऊन दुकानात आले. वय बाहत्तर, अंगानं काटक, खांद्यावर पंचा. मूळचे पाचोडचे, पण पस्तीस वर्षं याच शहरात रिक्षा चालवलेली. पाच वर्षांपूर्वी मुलानं, शिवराजनं, बळंच रिक्षा विकायला लावली, तेव्हापासून घरात बसून कंटाळलेले. नात संस्कृती ही लग्नाची नवरी. तिच्या सासरच्यांनी पत्रिकेचा मजकूर पेनड्राइव्हवर दिला होता.

ताईंनी पेनड्राइव्ह जुन्या कॉम्प्युटरला लावला. दुकानात कॉम्प्युटर दोन. नवा मनस्विनीनं घेऊन दिलेला, सडपातळ आणि चपळ. जुना वीस वर्षांचा, चालू करताना घोरणारा. पण जुनी मराठी अक्षरं त्याच्यावरच नीट बसतात म्हणून ताईंनी त्याला काढला नव्हता. फाइल उघडली आणि पडद्यावर आलं:

ÊSÉ. ºÉÉè. EòÉÆ.

"हे काय?" संस्कृती घाबरली. "माझं नाव कुठंय?"

"हेच तुझं नाव आहे," ताई हसल्या. "त्यांनी जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलंय. तो फॉन्ट लावेपर्यंत असंच दिसणार. बघ आता."

त्यांनी सगळा मजकूर निवडला, यादीतून एक नाव शोधलं, बटण दाबलं. क्षणात 'चि. सौ. कां. संस्कृती' असं सुबक अक्षरात उभं राहिलं. संस्कृतीनं सुटकेचा श्वास सोडला. कारभारी मात्र खुर्चीतून उठून पडद्याजवळ आले होते.

"ओ ताई, थांबा जरा. आत्ता जे दिसत व्हतं ना, ते परत दावा."

ताईंनी फॉन्ट काढला. पुन्हा ती उलटसुलट, टोप्या घातलेली अक्षरं आली.

"व्हय व्हय! असंच!" कारभाऱ्यांनी टेबलावर थाप मारली. "माझा चिनी असाच दिसतो!"

संस्कृतीनं कपाळाला हात लावला. "आबा, इथं नको ना."

"इथं नको तर कुठं? ही बाई अक्षरांची डॉक्टर हाय."

ताईंना काही कळेना. तेव्हा संस्कृतीनंच, थोडं लाजत, थोडं हसत सांगितलं. दोन हजार चार साली स्टेशनबाहेर आबांच्या रिक्षात एक चिनी माणूस बसला. तीन दिवस आबांनी त्याला वेरूळ, दौलताबाद, पाणचक्की सगळं दाखवलं. तो सारखा वहीत काहीतरी लिहायचा. जाताना त्यानं वहीचं पान फाडून त्यावर इंटरनेटचा पत्ता लिहून दिला आणि खुणेनं सांगितलं, वहीतलं सगळं इथं लिहीन, तुझ्याबद्दलही. आबा तेव्हापासून सांगत आले की चीनच्या एका प्रोफेसरनं माझ्यावर लिहिलंय. पुढच्या वर्षी क्रांती चौकातल्या एका नेट कॅफेत त्यांनी तो पत्ता उघडून घेतला, तर असलीच गिचमीड. फोटोंच्या जागी लाल फुल्या. कॅफेवाला म्हणाला, काका, व्हायरस आहे, बंद करा. नंतर शिवराजनं मोबाइलवर उघडून पाहिलं, तेच. झालं, घरात कुणी थाप मारली की सगळे म्हणायला लागले, "हा आबांचा चिनी आहे."

"माझी बायकोसुद्धा म्हणती," कारभारी म्हणाले. त्यांनी ते हसून सांगितलं, पण ताईंच्या लक्षात आलं की ही गोष्ट त्यांना वीस वर्षं टोचते आहे. कारभाऱ्यांनी खिशातून पाकीट काढलं. आत, परमिटच्या जुन्या प्लास्टिकमध्ये, घडीवर झिजलेला कागद होता. निळ्या शाईत पत्ता.

"पत्रिकेचं नंतर बघू," ताई म्हणाल्या.

आधी त्यांनी नव्या कॉम्प्युटरवर पत्ता टाकला. पान उघडलं, हे पहिलं नवल. वर 'ÖÐ¹ú' अशी काहीतरी अक्षरं, आणि मग खालपर्यंत तेच.

"हेच ते," कारभारी म्हणाले. "व्हायरस नाय ना?"

"नाही काका. तुमच्या नातीच्या नावासारखंच झालंय. अक्षरं सगळी जागेवर आहेत, कॉम्प्युटर ती चुकीच्या भाषेची समजून वाचतोय." ताईंनी पानाच्या पोटातला मजकूर उघडून पाहिला. सगळ्यात वर एक ओळ असते, त्यात पान कुठल्या लिपीत आहे ते लिहिलेलं असतं. त्या वाचता वाचता थबकल्या. "बघा, इथं चूक आहे. पान चिनी, पण वर लिहिलंय इंग्रजी वगैरे युरोपातली अक्षरं आहेत म्हणून. बनवणाऱ्याच्या हातून बदलायचं राहिलं. ब्राउझर बिचारा सांगितलं ते ऐकतो."

"मग त्याला सांगा ना, चिनी हाय म्हणून."

"तेच सांगायचंय."

पण नव्या ब्राउझरमध्ये सांगायची सोयच सापडेना. ताईंनी सगळे मेनू पालथे घातले. रंग बदला, अक्षर मोठं करा, सगळं होतं. लिपी बदलण्याचं पूर्वीचं कलम कुणीतरी काढून टाकलं होतं. मग त्या जुन्या कॉम्प्युटरकडं वळल्या. त्याला नेट क्वचितच लागायचं. केबल जोडली, तो घोरला, आणि जुना ब्राउझर उघडला. मेनूत 'अक्षर एन्कोडिंग' होतं. त्यात देशोदेशीच्या लिप्यांची लांबलचक यादी. ताईंनी 'चिनी, सुलभ' यावर टिचकी मारली.

पान एकदा मिटून उघडलं. गिचमीड गेली. तिच्या जागी आले रिकामे चौकोन. वरपासून खालपर्यंत, शिस्तीत, ओळीनं.

कारभाऱ्यांचा चेहरा पडला. "आता तर काहीच नाय राह्यलं."

"काय नाही? अहो, जमलं!" ताई खुर्चीतच सरसावल्या. "चौकोन आले म्हणजे अक्षर कोणतं ते त्याला बरोबर कळलंय. फक्त त्याच्याजवळ चिनी फॉन्ट नाही, म्हणून काढून दाखवता येत नाही. फरशी बसवताना कसं, आधी चौकटी आखून घेतात. आता भरायचं."

फॉन्ट भरायला या कॉम्प्युटरची मूळ सीडी लागणार होती. ताईंनी टेबलाखालचं खोकं ओढलं. त्यात जुन्या पत्रिकांचे नमुने, तुटका माऊस, मनस्विनीची कंपासपेटी, आणि सगळ्यात खाली पिवळ्या पाकिटात सीडी. संस्कृतीनं ती ओढणीनं पुसली. सेटिंगमध्ये भाषांच्या पानावर 'पूर्व आशियातल्या भाषा बसवा' अशा अर्थाची चौकट होती. ताईंनी तिथं खूण केली. सीडी घरघरायला लागली, हिरवी पट्टी मुंगीच्या पायानं सरकायला लागली.

कारभारी तेवढ्यात जाऊन तीन चहा घेऊन आले. पट्टी अर्ध्यावर होती. मध्ये एक गिऱ्हाईक वास्तुशांतीचा मजकूर घेऊन आलं, त्याला ताईंनी बसवून ठेवलं. तेही पट्टीकडं बघत बसलं. शेवटी कॉम्प्युटर एकदा बंद होऊन चालू झाला. ताईंनी पत्ता टाकला, मेनूतून लिपी निवडली.

आणि पानभर चिनी अक्षरं उमटली. काळी, रेखीव, दाट, एकेक जणू छोटी रांगोळी.

कारभाऱ्यांनी पंच्यानं चष्मा पुसला आणि पुन्हा लावला. "आलाय बघ," ते हळूच म्हणाले.

संस्कृतीनं पर्समधून फोन काढला. भाषांतराचं ॲप उघडून तिनं कॅमेरा पडद्यासमोर धरला. चिनी अक्षरांवर मराठी शब्द थरथरत उमटायला लागले. एखादा बदलायचा, नाहीसा व्हायचा, परत यायचा. तिनं सावकाश वाचायला सुरुवात केली.

"'तांग यांची भारत यात्रा. चौथा भाग. औरंगाबाद.' आबा, तांग नाव होतं त्याचं?"

"तांगसाहेबच! मी सांगत नव्हतो?"

"'स्टेशनबाहेर तीन चाकी गाडीचा चालक भेटला. नाव का-बा-ली.'" संस्कृतीचा आवाज चढला. "आबा! का-बा-ली! कारभारी!"

"वाच की पुढं."

"'त्याला चिनी येत नाही. मला त्याची भाषा येत नाही. तीन दिवस आम्ही अखंड बोलत होतो.'"

ताई हसल्या. संस्कृती वाचत राहिली. "'दुपारी का-बा-लीने डब्यातून पातेल्याच्या झाकणाएवढी भाकर काढली आणि हिरवं औषध दिलं. मी रडलो. तो म्हणाला, छान.'"

"ठेचा!" वास्तुशांतीवाला ओरडला.

"सत्यभामेच्या हातचा," कारभारी अभिमानानं म्हणाले. सत्यभामा म्हणजे त्यांची बायको.

"'चढावर गाडी बंद पडली. मी इंजिनात हात घातला. का-बा-लीला राग आला. मी प्लग काढून पुसला. गाडी चालू झाली. का-बा-लीने मला मिठी मारली.'"

"खरंय. राग आला व्हता मला. प्रोफेसर माणूस, इंजिनात कामून हात घालतो?"

"'तिसऱ्या दिवशी मोठ्या किल्ल्यावर गेलो. का-बा-ली दरवाजाजवळ थांबला. त्याने भिंतीकडे बोट दाखवलं, छातीवर हात ठेवला, बाबा बाबा असं म्हणाला, आमच्याकडेही वडिलांना बाबाच म्हणतात, आणि डोळे पुसले. तेव्हा मला समजलं.'" संस्कृती थांबली. ती ओळ तिनं मनात दोनदा वाचली. मग तिला हसू आवरेना. "'तेव्हा मला समजलं की हा साधा चालक नाही. या किल्ल्याच्या राजाचा हा वंशज आहे. राज्य गेलं, तरी तो तक्रार करत नाही, नम्रपणे तीन चाकी गाडी चालवतो. मी त्याला वाकून नमस्कार केला.'"

दुकानात हसण्याचा स्फोट झाला. ताईंच्या डोळ्यांतून पाणी आलं. वास्तुशांतीवाल्यानं उठून कारभाऱ्यांना मुजरा केला. कारभारीही आधी हसले, गुडघ्यावर हात मारून हसले. मग हळूहळू त्यांचं हसू थांबलं.

"तरीच," ते म्हणाले. "तरीच तो एकदम वाकला. मला वाटलं, त्यांच्यात तशी रीत असंल."

"पण आबा, तुम्ही काय म्हणाला होता?"

"अगं, माझा बाप दौलताबादेला डागडुजीच्या कामावर व्हता, तवा आम्ही तिथंच राह्यचो. चुना मळायचा. मी लहान असताना त्याच्यासाठी भाकरी घेऊन जायचो. त्या दरवाजाजवळची भिंत त्याच्या हातची हाय. तेच सांगत व्हतो मी. अन् डोळे पुसले ते धुळीनं." त्यांनी पंचा खांद्यावर सारखा केला. "थोडं बापाच्या आठवणीनं बी असंल."

मग ते गंभीर झाले. "ताई, हे असं ठेवायचं नाय. वीस वर्षं झाली, खोटं पडून राह्यलंय तिथं. त्यानं इतक्या मनानं लिहिलं, त्याला खरं कळाया पाहिजे."

"कशाला आबा?" संस्कृती म्हणाली. "राजे म्हणवून घ्या की. लग्नात मी सगळ्यांना दाखवते."

"राजाचं कौतुक कशाला? चुना मळणाराचं नाव तिथं नाय, ते लिहायला लाव."

हे त्यांनी इतक्या ठामपणे सांगितलं की संस्कृतीनं फोन खाली ठेवला. पानाच्या तळाशी एक ईमेलचा पत्ता होता. ताईंनी नव्या कॉम्प्युटरवर कोरं पत्र उघडलं. "काका, सांगा तुम्ही. वाक्यं छोटी ठेवा, म्हणजे भाषांतर भरकटणार नाही."

कारभारी ताठ बसले. "प्रोफेसर तांगसाहेबांना कारभारी आसाराम नरवडेचा रामराम. मी राजा नाही. माझे वडील आसाराम. त्यांनी किल्ल्याच्या भिंतीसाठी चुना मळला. भिंत अजून उभी आहे. तुम्ही वाकलात ते मी त्यांच्या नावानं धरलं आहे. माझ्या नातीचं लग्न आहे. तब्येत सांभाळा."

ताईंनी मराठी मजकूर तसाच ठेवून खाली चिनी भाषांतर जोडलं. शेवटी स्वतःच्या दोन ओळी घातल्या: पानाच्या माथ्यावर लिपीचं नाव चुकलंय, ते एवढं बदला, म्हणजे जगात कुणालाही वाचता येईल. पत्र पाठवलं. पत्रिकेचं काम मग संध्याकाळपर्यंत चाललं.

आठ दिवस काहीच आलं नाही. कारभारी दोनदा शहागंजात भाजी घ्यायच्या निमित्तानं येऊन गेले. विचारायचे नाहीत, नुसते दारात उभे राहायचे. ताई मानेनंच नाही म्हणायच्या. वीस वर्षांपूर्वीचा पत्ता, कोण वाचणार, असं त्यांनाही वाटायला लागलं होतं.

नवव्या दिवशी सकाळी उत्तर आलं. ताईंनी ते वाचलं, दुकान तसंच टाकून गल्लीच्या तोंडापर्यंत गेल्या, कुणाला सांगावं ते न सुचून परत आल्या आणि संस्कृतीला फोन लावला. तासाभरात कारभारी, संस्कृती आणि सत्यभामाबाई, तिघं एकाच रिक्षातून उतरले. सत्यभामाबाई ठसठशीत कुंकू लावलेल्या, कामाच्या घाईत असलेल्या. "चला, दावा काय ते. कणीक भिजवून आलेय," त्या म्हणाल्या.

पत्र तांग यांच्या मुलीचं होतं. ते पान तिनंच कॉलेजात असताना बनवलेलं. ताईंनी भाषांतर वाचून दाखवलं.

"'वडील ऐंशी वर्षांचे आहेत. तुमचं पत्र मी त्यांना वाचून दाखवलं. ते खूप हसले, मग म्हणाले, भिंत बांधणारा राजापेक्षा जास्त दिवस टिकतो, दुरुस्ती कर. मी दुरुस्ती केली आहे. तुमच्या वडिलांचं नाव लिहिलं आहे. लिपीची चूकही काढली, हरवलेले फोटो पुन्हा लावले. इतकी वर्षं लोक पान वाचता येत नाही म्हणायचे, मला वाटायचं त्यांचे कॉम्प्युटर जुने आहेत.'" ताईंनी पुढं वाचलं. "'पण तुम्ही प्रोफेसर कुणाला म्हणता? माझे वडील शहरात बस चालवायचे. सहा नंबरची बस, एकतीस वर्षं. भारतातली लेणी बघायची म्हणून त्यांनी फार वर्षं वाट पाहिली.'"

कारभाऱ्यांनी विचारलं, "ड्रायव्हर?"

"बसचे ड्रायव्हर."

"आपल्यातलाच निघाला!" ते ओरडले तसे शेजारच्या बॅगांच्या दुकानातले दोघं डोकावले. "अरे, म्हणून प्लग पुसला! म्हणून ब्रेक दाबला की त्याचा बी पाय दबायचा! मी म्हणायचो, येवढा शिकलेला माणूस अन् पाय कामून हलवतो? बसड्रायव्हर! सत्यभामे, ऐकलं का?"

सत्यभामाबाईंनी ऐकलं होतं. त्या नवऱ्याकडं बघत होत्या. "खरंच आला व्हता म्हणायचा," त्या म्हणाल्या. एवढंच म्हणाल्या, पण पदर सावरत त्यांच्या शेजारच्या स्टुलावर बसल्या आणि कणकेचं पुन्हा नाव काढलं नाही.

ताईंनी पत्ता नव्या कॉम्प्युटरवर टाकला. या वेळी कुठलाच मेनू उघडावा लागला नाही. अक्षरं आपोआप आली. लाल फुल्यांच्या जागी फोटो होते. एकात रिक्षाच्या चालकाच्या सीटवर एक चष्मेवाला चिनी गृहस्थ हॅन्डल धरून बसलेला, आणि मागच्या सीटवर, पाय पसरून, काळ्याभोर मिशांचे कारभारी.

"किती बारीक व्हते," सत्यभामाबाई म्हणाल्या.

पत्राच्या शेवटी मुलीनं फोन नंबर आणि वेळ दिली होती: रविवारी, तुमच्या सकाळी दहाला, वडील जेवायला बसायच्या आधी. रविवारी ताईंनी दुकान मुद्दाम उघडलं. शिवराजही आला, जरा ओशाळलेला. त्यानं येताना वडिलांसाठी नवा पांढरा सदरा आणला होता आणि त्यांनी तो तिथंच, कॉम्प्युटरमागं उभं राहून घातला.

पडद्यावर तांग दिसले. केस पांढरे, चष्मा तोच वाटावा असा. मागं त्यांची मुलगी. संस्कृती भाषांतराचा फोन सरसावून बसली होती; पण तांग यांनी एकदम हात वर करून हॉर्न दाबल्याची खूण केली आणि तोंडानं मोठ्यांदा आवाज काढला. कारभाऱ्यांनी उत्तरादाखल रिक्षाचा हॉर्न वाजवला. मग तांग यांनी उजव्या हातानं गिअर टाकला, कारभाऱ्यांनी मान हलवून आपला गिअर कसा होता ते मनगट पिळून दाखवलं, आणि पुढची दहा मिनिटं त्या दोघांनी चढ, खड्डे, आडवी येणारी जनावरं आणि सुट्टे पैसे न देणारी माणसं असं सगळं एकमेकांना सांगितलं. कोण कुठल्या भाषेत बोलत होतं याकडं कुणी लक्ष दिलं नाही. संस्कृतीनं फोन बाजूला ठेवून दिला.

सत्यभामाबाईंना राहवेना. त्या पुढं सरकल्या, नवऱ्याला कोपरानं जरा बाजूला केलं आणि पडद्याला विचारलं, "जेवलास का रे भाऊ?"

तांग यांच्या मुलीला काही कळायच्या आधीच म्हाताऱ्यानं वाडगा उचलून कॅमेऱ्यासमोर धरला. आत लांब लांब काहीतरी, वरून कांद्याची पात.

"शेवया," सत्यभामाबाई म्हणाल्या. "तिखट नाय दिसत. कसं गिळत असतील?" आणि शिवराजला त्यांनी विचारलं, ठेचा बरणीत घालून पोस्टानं चीनला जातो का, किती दिवस टिकतो, उद्या जाऊन चौकशी कर.